रिव्हर्स प्रॉक्सीमागे ॲप लावताना: स्लॅश, हेडर, टाइमआउट आणि ५०२

एका सर्व्हरवर एक ॲप ३००० पोर्टवर चालू आहे, दुसरं ८००० वर, आणि बाहेर फक्त ८० आणि ४४३ उघडे ठेवायचे आहेत. डोमेन आणि पाथ बघून रिक्वेस्ट योग्य ॲपकडे पाठवायची, टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) एकाच जागी सांभाळायचं, ही कामं रिव्हर्स प्रॉक्सीची. एनजिनएक्स (nginx) या वेब सर्व्हरमध्ये हे कॉन्फिग दहा-बारा ओळींत होतं आणि कुठूनतरी उचलून चिकटवलं तरी बहुधा पहिल्या फटक्यात पान दिसतं. खरी कटकट नंतर सुरू होते. लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान येतं, जरा मोठी फाइल चढवली की ४१३ (फार मोठी) मिळतो, आणि दिवसातून चारदोन वेळा काहीच कारण दिसत नसताना ५०२, म्हणजे प्रॉक्सीला ॲपकडून धड उत्तर मिळालं नाही.

यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी एकच गैरसमज असतो: प्रॉक्सी आलेली रिक्वेस्ट जशीच्या तशी पुढे सरकवतो, हा. तसं होत नाही. ब्राउझरचं कनेक्शन प्रॉक्सीपाशीच संपतं. प्रॉक्सी ती रिक्वेस्ट वाचून घेतो, ॲपकडे आपलं वेगळं कनेक्शन उघडतो आणि त्यावर नवी रिक्वेस्ट लिहितो. या नव्या रिक्वेस्टचा पाथ काय, हेडर कोणते, उत्तराची वाट किती वेळ बघायची, उत्तर किती साठवून मग पुढे द्यायचं, हे तुम्ही सांगितलं नाही तर डीफॉल्ट ठरवतात. आणि ते डीफॉल्ट तुमचं ॲप डोळ्यांसमोर ठेवून कुणी लिहिलेले नाहीत.

खालचं सगळं लिनक्सवरचा एनजिनएक्स धरून आहे. एक डोमेन, एक ॲप आणि बाकी काही नको असेल तर कॅडी घ्या. तो सर्टिफिकेट स्वतः आणतो आणि नेहमीचे फॉरवर्डेड हेडरही स्वतःच लावतो. निव्वळ लोड वाटायचा असेल तर एचएप्रॉक्सी. पण स्टॅटिक फाइल्स, दोन-तीन ॲप्स आणि थोडे वेगळे नियम अशी मिसळ असली की एनजिनएक्स सोयीचा पडतो.

आधी ॲप, मग प्रॉक्सी

प्रॉक्सीला हात लावण्याआधी ॲप कुठे ऐकतंय ते बघा. 'एसएस -टीएलएनपी' ही कमांड पोर्ट आणि पत्ता दोन्ही दाखवते. तिथे १२७.०.०.१:३००० दिसलं तर ठीक. ०.०.०.०:३००० दिसलं तर ॲप सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर उघडं आहे, म्हणजे कुणीही प्रॉक्सीला वळसा घालून थेट त्याच्यापर्यंत पोचू शकतो, आणि पुढे हेडरवर ठेवलेला सगळा विश्वास पोकळ ठरतो.

डॉकरमध्ये हे उलटं फिरतं. कंटेनरच्या आत ॲपने ०.०.०.० वरच ऐकायला हवं, नाहीतर बाहेरून ते गाठताच येत नाही. बंधन घालायचं ते पोर्ट प्रकाशित करताना: '३०००:३०००' न लिहिता '१२७.०.०.१:३०००:३०००' लिहा. डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स नियम टाकतो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये बंद केलेला पोर्टही त्यामुळे बाहेरून उघडा राहतो. फायरवॉल लावलीय म्हणून निर्धास्त बसणारे इथे हमखास फसतात.

मग सर्व्हरवरूनच कर्ल या कमांडने १२७.०.०.१:३००० ला थेट रिक्वेस्ट मारा. इथे २०० आला नाही तर प्रॉक्सीत काही शोधण्यात अर्थ नाही.

डेबियन आणि उबुंटूवर ॲपची फाइल 'साइट्स-अव्हेलेबल'मध्ये ठेवून तिची सिमलिंक 'साइट्स-एनेबल्ड'मध्ये करतात. रेड हॅटच्या कुळात ती थेट 'कॉन्फ.डी'मध्ये जाते आणि नावाचा शेवट '.कॉन्फ' असाच लागतो, नाहीतर ती निमूटपणे वगळली जाते. फाइलमध्ये एक सर्व्हर ब्लॉक: 'लिसन'मध्ये पोर्ट, 'सर्व्हर_नेम'मध्ये डोमेन, आणि आत एक लोकेशन, ज्यात 'प्रॉक्सी_पास' ॲपचा पत्ता सांगतो. पत्ता लिहिताना 'लोकलहोस्ट' टाळून १२७.०.०.१ लिहा. बहुतेक मशिनींवर 'लोकलहोस्ट'चे दोन पत्ते निघतात, आयपीव्ही४ चा आणि आयपीव्ही६ चा. ॲप फक्त पहिल्यावर ऐकत असेल तर एनजिनएक्स अधूनमधून दुसऱ्यावर जाऊन आपटतो, मग पहिल्याकडे वळतो. पान दिसतं, पण एरर लॉग 'कनेक्शन रिफ्यूज्ड'ने भरत राहतो.

बदल केला की आधी 'एनजिनएक्स -टी' (स्मॉल टी, कॉन्फिग तपासणारा), मग रिलोड. रीस्टार्ट नको, कॉन्फिगमध्ये चूक असेल तर रिलोड जुन्याच कॉन्फिगवर चालू राहतो, रीस्टार्ट मात्र सगळंच खाली बसवतो. कॅपिटल टी असलेला '-टी' सगळ्या इन्क्लूड फाइल्स जोडून पूर्ण कॉन्फिग छापतो. कुठला ब्लॉक कुठून आला हे कळत नसेल तेव्हा पाच फाइल्स उघडून बसण्यापेक्षा हे वाचा.

रिक्वेस्ट भलत्याच साइटवर जात असेल तर कारण बहुधा हे: कुठल्याच 'सर्व्हर_नेम'शी होस्ट जुळला नाही तर एनजिनएक्स त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉक वापरतो. म्हणून एक वेगळा ब्लॉक 'डीफॉल्ट_सर्व्हर' म्हणून ठेवा आणि त्यात ४४४ परत करा. एनजिनएक्स उत्तर न देता कनेक्शन तोडतो. ४४३ साठी 'एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक ऑन' ही ओळ तेच काम सर्टिफिकेट न दाखवता करते.

शेवटचा स्लॅश

'प्रॉक्सी_पास'च्या शेवटी स्लॅश आहे की नाही, यावर पाथ बदलतो, आणि यात सगळ्यात जास्त तास वाया जातात. समजा लोकेशन '/एपीआय/' आहे.

पत्ता 'एचटीटीपी://१२७.०.०.१:३०००' इतकाच लिहिला तर '/एपीआय/युजर्स' ही रिक्वेस्ट ॲपकडे '/एपीआय/युजर्स' म्हणूनच पोचते. त्याच पत्त्याला शेवटी स्लॅश लावला तर लोकेशनशी जुळलेला भाग काढून तिथे स्लॅश बसतो, आणि ॲपला फक्त '/युजर्स' दिसतं. ॲपचे राउट '/एपीआय' धरून लिहिलेले असतील तर पहिला प्रकार, नसतील तर दुसरा.

अर्धवट केलं की गंमत होते. लोकेशन '/एपीआय' स्लॅशशिवाय आणि पत्ता स्लॅशसकट, असं झालं तर '/एपीआय/युजर्स'चं '//युजर्स' होतं. काही फ्रेमवर्क दोन स्लॅश खपवून घेतात, काही ४०४ देतात, आणि माणूस राउटरमध्ये बग शोधत बसतो. शिवाय असं लोकेशन '/एपीआयडॉक्स'लाही जुळतं. दोन्हीकडे स्लॅश किंवा पत्त्याकडे अजिबात नाही, हेच पाळावं.

पत्त्यात व्हेरिएबल असेल तर नियम पुन्हा बदलतो. तेव्हा व्हेरिएबलनंतर लिहिलेला पाथ जसाच्या तसा जातो आणि मूळ पाथ टाकून दिला जातो. म्हणजे 'एचटीटीपी://$बॅकएंड/' असं लिहिलं की प्रत्येक रिक्वेस्ट ॲपच्या मुळावर, '/' वर, जाऊन पडते. व्हेरिएबल वापरायचं तर शेवटचा स्लॅश काढा आणि पाथ बदलायचा असेल तर 'रीराइट' वेगळा लिहा.

लोकेशन फाइलमधल्या क्रमाने जुळत नाहीत, हेही इथेच. '=' वालं अचूक जुळलं तर ते जिंकतं. नाहीतर सगळ्यात लांब प्रीफिक्स शोधला जातो. त्याला '^~' असेल तर तिथेच थांबतात, नसेल तर रेजेक्स (नमुन्याने जुळणारी लोकेशनं) वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा रेजेक्स त्या प्रीफिक्सला मागे टाकतो. इमेजच्या एक्स्टेन्शनसाठी लिहिलेला एखादा रेजेक्स '/एपीआय/फोटो/१.जेपीजी' पळवून नेतो तो असा. '/एपीआय/'ला '^~' लावलं की प्रश्न मिटतो.

एकाच डोमेनखाली '/ॲडमिन/', '/ब्लॉग/' असे पाथ देऊन वेगवेगळी ॲप्स लावायचा मोह होतो. शक्य असेल तर सबडोमेन घ्या. ॲप आपल्या एचटीएमएलमध्ये '/स्टॅटिक/मेन.जेएस' असा मुळापासूनचा दुवा लिहितं, त्याला आपण '/ॲडमिन/'खाली आहोत याची कल्पना नसते. 'लोकेशन' हेडरमधला पत्ता 'प्रॉक्सी_रीडायरेक्ट' बदलून देतो, पण पानाच्या आतले दुवे आणि कुकीचा पाथ तुमच्या गळ्यात पडतात. ॲपला बेस पाथची सेटिंग असेल तरच सबपाथच्या वाटेला जावं.

ॲपला काय दिसतं

प्रॉक्सीमागे गेलं की ॲप तीन गोष्टींना मुकतं: मागितलेलं डोमेन, मागणाऱ्याचा आयपी आणि मूळ कनेक्शन एचटीटीपीएस होतं की नाही. एनजिनएक्स डीफॉल्टने होस्ट हेडरमध्ये 'प्रॉक्सी_पास'मधला पत्ता लिहितो. म्हणून चार 'प्रॉक्सी_सेट_हेडर' ओळी लागतात: 'होस्ट'साठी $होस्ट, 'एक्स-रिअल-आयपी'साठी $रिमोट_ॲडर, 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर'साठी $प्रॉक्सी_ॲड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर आणि 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो'साठी $स्कीम. प्रॉक्सी ८४४३ सारख्या अनोख्या पोर्टवर असेल तर $होस्टऐवजी $एचटीटीपी_होस्ट घ्या, कारण $होस्टमध्ये पोर्ट नसतो आणि ॲपचे रीडायरेक्ट ४४३ वर भरकटतात.

प्रोटोचा हेडर राहिला की दोन ठरलेले आजार. पहिला, रीडायरेक्टचं चक्र: ॲपला वाटतं रिक्वेस्ट साध्या एचटीटीपीने आली, ते एचटीटीपीएसकडे पाठवतं, ब्राउझर एचटीटीपीएसनेच परत येतो, ॲपला पुन्हा तेच वाटतं. दुसरा जास्त छुपा: सेशन कुकीवर 'सिक्युअर' लावलेलं असतं, कनेक्शन असुरक्षित समजून फ्रेमवर्क ती कुकी पाठवतच नाही, आणि लॉगिन यशस्वी होऊनही पुन्हा लॉगिनचं पान येतं. कुठेही एरर नसते.

नुसता हेडर पाठवून भागत नाही, ॲपला तो वाचायलाही सांगावं लागतं. एक्सप्रेसमध्ये 'ट्रस्ट प्रॉक्सी', जँगोमध्ये 'सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर', फ्लास्कसाठी 'प्रॉक्सीफिक्स' मिडलवेअर. एक्सप्रेसमध्ये तिथे 'ट्रू' लिहू नका, मध्ये जितके प्रॉक्सी आहेत तो आकडा लिहा. 'ट्रू' लिहिलं की यादीतला सगळ्यात डावा आयपी खरा मानला जातो, आणि तो तर कुणीही घरबसल्या लिहून पाठवू शकतो. एनजिनएक्सचं ते लांबलचक व्हेरिएबल आलेल्या यादीला शेवटी $रिमोट_ॲडर, म्हणजे प्रॉक्सीशी जोडलेल्याचा आयपी, जोडतं, आधीचं काही पुसत नाही. तुमचा प्रॉक्सी इंटरनेटला थेट तोंड देत असेल तर तिथे यादी वाढवण्यापेक्षा $रिमोट_ॲडरने ती पुसून टाकणंच बरं. समोर आणखी एखादा लोड बॅलन्सर असेल तर 'सेट_रिअल_आयपी_फ्रॉम'मध्ये त्याचे पत्ते द्या आणि 'रिअल_आयपी_हेडर' लावा; नाहीतर लॉगमध्ये आणि रेट लिमिटमध्ये सगळी दुनिया एकाच आयपीवरून आल्यासारखी दिसते. सगळ्यांना मिळून एकच मर्यादा लागली की काय होतं ते सांगायला नको.

आता हा सापळा नीट बघा. 'प्रॉक्सी_सेट_हेडर' वरच्या पातळीवरून खाली उतरतो, पण खालच्या पातळीवर त्याची एकही ओळ नसेल तरच. सर्व्हर ब्लॉकमध्ये चार ओळी आहेत आणि एका लोकेशनमध्ये वेबसॉकेटसाठी दोन वाढवल्या, की त्या लोकेशनपुरत्या वरच्या चारही गळून पडतात. कुठली सूचना नाही, तपासणीचा 'एनजिनएक्स -टी'ही पास होतो. 'ॲड_हेडर'चंही असंच आहे, त्यामुळे सुरक्षेचे हेडर एखाद्याच पाथवरून गायब झालेले सापडतात. उपाय साधा: चार ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक लोकेशनमध्ये ती इन्क्लूड करा.

वेळेचे हिशेब

'प्रॉक्सी_कनेक्ट_टाइमआउट', 'प्रॉक्सी_सेंड_टाइमआउट' आणि 'प्रॉक्सी_रीड_टाइमआउट', तिन्हींचं डीफॉल्ट ६० सेकंद. रीड टाइमआउट पूर्ण उत्तरासाठी नसतो, दोन वाचनांमधल्या शांततेसाठी असतो. दर ५० सेकंदांनी चार बाइट पाठवणारं ॲप तासभरही चालू राहील. ६१ सेकंद गप्प बसलं तर ब्राउझरला ५०४ (वेळ संपली) मिळेल. कनेक्टसाठी मात्र ६० सेकंद फार झाले. एकाच नेटवर्कमधलं ॲप दोन-तीन सेकंदांत कनेक्शन घेत नसेल तर ते घेणार नाही, आणि तितका वेळ ब्राउझरला लटकवून काही मिळत नाही.

अहवाल बनवायला तीन मिनिटं लागतात म्हणून रीड टाइमआउट ३०० करणं हा उपाय सगळे सांगतात. त्या एकाच लोकेशनपुरता चालेल. पण ब्राउझरला ५०४ मिळाला म्हणून ॲपचं काम थांबलं असं नाही. वापरणारा पुन्हा बटण दाबतो आणि तोच अहवाल दोनदा बनायला लागतो. पैशाचा व्यवहार असेल तर दोनदा होतो. असं काम क्यूमध्ये टाकून लगेच २०२ (काम स्वीकारलं) द्यावा आणि प्रगती वेगळ्या रिक्वेस्टने विचारावी.

ॲपचे स्वतःचे टाइमआउटही विसरू नका. गनिकॉर्न या पायथनच्या ॲप सर्व्हरचा डीफॉल्ट ३० सेकंद आहे. वर्करने तेवढ्यात हालचाल दाखवली नाही की मास्टर त्याला मारतो, आणि प्रॉक्सीला अर्धवट तुटलेलं कनेक्शन मिळतं. एरर बरोबर तिसाव्या सेकंदाला ५०२ म्हणून येत असेल तर एनजिनएक्सचे आकडे वाढवून काही होणार नाही.

आता तो कधीमधी येणारा, पकडता न येणारा ५०२. प्रत्येक रिक्वेस्टला ॲपकडे नवं कनेक्शन उघडणं महाग असतं. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी पोर्ट डीफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९ एवढेच, म्हणजे २८ हजारांच्या आसपास, आणि बंद झालेलं कनेक्शन ६० सेकंद टाइम-वेटमध्ये पडून राहतं. म्हणून अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये (मागच्या ॲप सर्व्हरची यादी) 'कीपअलाइव्ह ३२' लिहितात; हा आकडा प्रत्येक वर्कर किती रिकामी कनेक्शनं जपून ठेवेल याचा आहे, एकूण कनेक्शनची मर्यादा नव्हे. बरोबर 'प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१' आणि रिकामा 'कनेक्शन' हेडर लिहा. एनजिनएक्सने वर्षानुवर्षं ॲपशी डीफॉल्टने १.० मध्येच बोलणं केलं आणि 'कनेक्शन: क्लोज' पाठवलं, त्यामुळे तशा आवृत्त्यांत या दोन ओळींशिवाय कीपअलाइव्ह कागदावरच राहतो.

पण कीपअलाइव्ह चालू झाला की नवी शर्यत लागते. एनजिनएक्स रिकामं कनेक्शन ६० सेकंद धरून ठेवतो. नोड.जेएसचा 'कीपअलाइव्हटाइमआउट' डीफॉल्टने ५ सेकंद. नोड पाचव्या सेकंदाला कनेक्शन बंद करायला घेतो, नेमक्या त्याच क्षणी एनजिनएक्स त्यावर रिक्वेस्ट टाकतो, आणि उत्तराऐवजी रीसेट मिळतो. दहा हजारांत एखादीच रिक्वेस्ट सापडते, म्हणून चाचणीत कधी दिसत नाही. नियम असा की रिकामं कनेक्शन आधी प्रॉक्सीने बंद करावं. नोडकडे ६५ सेकंद करा, किंवा अपस्ट्रीममधला 'कीपअलाइव्ह_टाइमआउट' ४ वर आणा. समोर क्लाउडचा लोड बॅलन्सर असेल तर त्याच्या आणि एनजिनएक्सच्या मध्येही हाच हिशेब लागतो.

किती साठवायचं

'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' डीफॉल्टने १ एमबी. त्यापुढे ४१३. हा आकडा अख्ख्या सर्व्हरवर वाढवू नका, अपलोडच्या लोकेशनवरच वाढवा, आणि ॲपची स्वतःची मर्यादाही तपासा. प्रॉक्सी अपलोड पूर्ण वाचून झाल्यावरच ॲपकडे पाठवायला लागतो. मोठी बॉडी आधी डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलमध्ये जाते. हळू मोबाइल नेटवर्कवाल्यांपासून ॲपचे वर्कर यामुळे मोकळे राहतात, म्हणून हे सरसकट बंद करू नये. '/व्हार' विभाजन छोटं असेल तर मात्र बघून घ्या.

उत्तराचे हेडर ज्या बफरमध्ये मावायला हवेत तो 'प्रॉक्सी_बफर_साइझ' ४ किंवा ८ केबी असतो. एसएसओवाली (एकाच लॉगिनने अनेक ॲप्स उघडणारी) ॲप्स लांबच लांब कुकी पाठवतात आणि तो फुटतो. ५०२ येतो, लॉगमध्ये 'अपस्ट्रीम सेंट टू बिग हेडर' असं लिहिलेलं असतं. १६ केबी करा आणि त्याबरोबर 'प्रॉक्सी_बफर्स'ही वाढवा, नाहीतर कॉन्फिगची तपासणीच अडू शकते. उलट दिशेने, ब्राउझरकडून येणाऱ्या कुकी फुगल्या तर ४०० मिळतो आणि तिथे 'लार्ज_क्लायंट_हेडर_बफर्स' बघायचा.

सर्व्हर-सेंट इव्हेंट्स किंवा शब्दाशब्दाने येणारं उत्तर एकदम शेवटी धप्पकन येत असेल तर बफरिंग आड येतंय. त्या लोकेशनला 'प्रॉक्सी_बफरिंग ऑफ', किंवा ॲपकडूनच 'एक्स-अॅक्सेल-बफरिंग: नो' हा हेडर. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण कुठलं उत्तर वाहतं आहे हे ॲपलाच माहीत असतं.

वेबसॉकेटसाठी 'अपग्रेड' हेडर मुद्दाम पुढे द्यावा लागतो, कारण तो एका टप्प्यापुरताच असतो आणि प्रॉक्सी तो आपणहून ओलांडू देत नाही. एचटीटीपी १.१, 'अपग्रेड'मध्ये $एचटीटीपी_अपग्रेड, आणि 'कनेक्शन'मध्ये मॅपमधून आलेली किंमत: अपग्रेड मागितला असेल तर 'अपग्रेड', नसेल तर 'क्लोज'. नसेल तेव्हा त्या मॅपमध्ये रिकामी किंमत दिली तर त्याच लोकेशनवर कीपअलाइव्हही टिकतो. एवढं करून सॉकेट बरोबर मिनिटाने तुटत असेल तर तो पुन्हा तोच ६० सेकंदांचा रीड टाइमआउट. ॲपने दर ३० सेकंदांनी पिंग पाठवावा. टाइमआउट एक दिवसाचा करण्यापेक्षा ते शहाणपणाचं, कारण मेलेली कनेक्शनंही त्यातून कळतात.

एकाहून जास्त ॲप

अपस्ट्रीममध्ये दोन-तीन सर्व्हर लिहिले की रिक्वेस्ट आळीपाळीने जातात. कामं लहानमोठी असतील तर 'लीस्ट_कॉन' (सगळ्यात कमी कनेक्शनं असलेल्याला देणारा) बरा. 'आयपी_हॅश' आयपी बघून त्याच ॲपकडे पाठवत राहतो, पण आयपीव्ही४ पत्त्याच्या चारपैकी पहिले तीनच भाग बघतो, त्यामुळे एका कार्यालयातली सगळी मंडळी एकाच ॲपवर जमा होऊ शकतात. सेशन ॲपच्या मेमरीत ठेवून त्यासाठी 'आयपी_हॅश' लावणं हे दुखणं दाबणं झालं. सेशन रेडिस किंवा डेटाबेसमध्ये न्या.

'मॅक्स_फेल्स' डीफॉल्टने १ आणि 'फेल_टाइमआउट' १० सेकंद. म्हणजे एकदा कनेक्शन फसलं की तो सर्व्हर १० सेकंद बाजूला पडतो. दोन्ही एकदम बाजूला पडले की 'नो लाइव्ह अपस्ट्रीम्स' आणि ५०२, दोन्ही ॲप्स तोवर सावरलेली असली तरी. शांतपणे चालणाऱ्या ॲपला ३ फेल्स द्यावेत. अपस्ट्रीममध्ये 'झोन' (वर्करची सामायिक मेमरी) लिहिला नाही तर प्रत्येक वर्कर आपापलं मोजतो, आणि मग एकाच्या लेखी मेलेला सर्व्हर दुसऱ्याच्या लेखी जिवंत असतो.

एक सर्व्हर फसला की गेट रिक्वेस्ट पुढच्याकडे जाते. पोस्ट एकदा पाठवून झाल्यावर दुसरीकडे वळवली जात नाही, आणि ते योग्यच आहे. 'नॉन_आयडेम्पोटंट' लिहून ते बदलता येतं, लिहू नका.

नावाने पत्ता दिला असेल, म्हणजे 'एचटीटीपी://वेब:३०००', तर एनजिनएक्स त्या नावाचा आयपी सुरू होताना किंवा रिलोडला एकदाच शोधतो. कंटेनर नव्याने उभा राहिला, आयपी बदलला, की प्रॉक्सी जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. नाव सापडलंच नाही तर एनजिनएक्स सुरूच होत नाही. डॉकरच्या नेटवर्कमध्ये 'रिझॉल्व्हर १२७.०.०.११' द्या आणि पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवा (वरचा स्लॅशचा नियम लक्षात असू द्या). १.२७.३ पासून मुक्त आवृत्तीतही अपस्ट्रीमच्या सर्व्हर ओळीत 'रिझॉल्व्ह' लिहिता येतं, त्यासाठी 'झोन' लागतोच.

५०२ वाचायचा कसा

ब्राउझरमधलं पान काही सांगत नाही. एरर लॉगमधला क्रमांक सांगतो. १११ म्हणजे त्या पोर्टवर कुणीच ऐकत नाही. ११० म्हणजे उत्तरच आलं नाही. तो ५०४ होतो, आणि कनेक्ट करतानाच अडकला असेल तर मध्ये फायरवॉल शोधा. १०४ म्हणजे ॲपने कनेक्शन तोडलं: वर सांगितलेली शर्यत, नाहीतर मेमरी संपून मारलेली प्रोसेस, 'डीमेसेज'मध्ये ओओएम दिसतो का बघा. १३ म्हणजे परवानगी. रेड हॅटच्या कुळात तो बहुधा एसईलिनक्स (लिनक्सचा जादा सुरक्षा थर) असतो आणि 'सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १' ने सुटतो; एसईलिनक्सच बंद करायची गरज नसते. युनिक्स सॉकेट वापरत असाल तर १३ चा अर्थ बहुधा एनजिनएक्सच्या युजरला सॉकेट फाइलपर्यंतच्या एखाद्या फोल्डरमध्ये शिरता येत नाही. सॉकेट होम फोल्डरमध्ये ठेवलं की हे ठरलेलं. '/रन' खाली ठेवा.

ॲक्सेस लॉगचा मूळ साचा प्रॉक्सीसाठी अपुरा आहे. स्वतःचा 'लॉग_फॉरमॅट' लिहून त्यात $रिक्वेस्ट_टाइम, $अपस्ट्रीम_कनेक्ट_टाइम, $अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम, $अपस्ट्रीम_ॲडर आणि $अपस्ट्रीम_स्टेटस टाका. रिक्वेस्टचा वेळ ८ सेकंद आणि अपस्ट्रीमचा ०.०४ असेल तर ॲप निर्दोष आहे, समोरच्याचं नेटवर्क हळू आहे. अपस्ट्रीमच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन दोन आकडे दिसले तर पहिला सर्व्हर फसून दुसऱ्याकडे गेलं. स्टेटस ४९९ म्हणजे समोरचाच कंटाळून निघून गेला. $रिक्वेस्ट_आयडी हेडरमधून ॲपलाही द्या, म्हणजे दोन्हीकडचे लॉग एकाच क्रमांकाने जोडता येतात.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट ते आपोआप नवं करतो, पण एनजिनएक्स नवी फाइल रिलोडशिवाय वाचत नाही. 'डिप्लॉय-हुक'मध्ये रिलोडची कमांड द्या. 'एसएसएल_सर्टिफिकेट'ला 'फुलचेन' फाइल द्यायची, नुसती 'सर्ट' नाही. साखळी अपुरी असली तरी डेस्कटॉपवरचे ब्राउझर बऱ्याचदा चालवून घेतात, मोबाइल ॲप आणि कर्ल घेत नाहीत. आणि ८० पोर्ट बंद करू नका, डोमेन तुमचंच आहे याची एचटीटीपी-०१ पडताळणी तिथेच होते. डीएनएस बदलण्याआधी नवा सर्व्हर तपासायचा असेल तर कर्लचा '--रिझॉल्व्ह' पर्याय डोमेन आणि पोर्टला हवा तो आयपी जोडून देतो. होस्ट फाइलला हात लावावा लागत नाही आणि टीएलएसही खऱ्या नावाने तपासलं जातं.

रिलोडनंतर जुने वर्कर आपापली चालू कनेक्शनं संपेपर्यंत जगतात. वेबसॉकेट असतील तर ते तासन्तास जगतात, दर रिलोडला एक नवी खेप मागे राहते आणि मेमरी हळूहळू चढत जाते. 'पीएस'मध्ये 'शटिंग डाउन' लिहिलेल्या ओळी साचलेल्या दिसल्या तर 'वर्कर_शटडाउन_टाइमआउट' ५ मिनिटं करून ठेवा. तेवढ्या वेळानंतर उरलेली कनेक्शनं तोडली जातात, आणि ॲपच्या बाजूला पुन्हा जोडून घेण्याची सोय असेल तर कुणाला कळतही नाही.